उजव्या बाजूची तार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्या सरांमुळे मी चार पुस्तकं शिकले त्यांना तर नाहीच नाही. सांगायची संधी मिळाली नाही, असं म्हणायची सोय नाही – संधी आली होती, पुन्हा पुन्हा आली होती, अगदी अंगणात येऊन उभी राहिली होती. मीच दार लावून घेतलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलायला धजतेय का मी? तसंही असेल.

मी बीडला एका क्लासमध्ये शिकवते. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी. वाचन, लेखन, बोलणं आणि ऐकणं असे तिचे भाग. माझ्याकडे ऐकण्याचा आहे. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. ऐकलं ते ऐकलं, सुटलं ते सुटलं. मुलं हेडफोन लावून बसतात, आणि मी सुरू करण्याआधी रोज एकच काम करायला लावते – डावी बाजू ऐका, मग उजवी ऐका, मग शेजाऱ्याचा घेऊन तोही ऐका. जरा जरी फरक वाटला तरी हात वर करा. मुलांना हे हास्यास्पद वाटतं. परवा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, तुमी नवरा बी असाच दोन्ही बाजूंनी तपासून घेतलाव का?" सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले.

त्यांना वाटतं ही माझी शिस्त आहे. शिस्त कसली – पण थांबा. आधी भागूबद्दल सांगते.

माझं गाव घाटनांदूर. घरी पिठाची गिरणी. आमचं घर म्हणजे गिरणीच्या मागच्या दोन खोल्या. त्यामुळं आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलतात, आणि भांड्यांवर, देवाच्या तसबिरीवर, वह्यांवर पिठाचा एक थर कायम. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची अर्चना इंग्रजीत बी. ए. करती," आणि 'इंग्रजी' हा शब्द गिरणीच्या आवाजापेक्षाही मोठ्यानं म्हणायचे. त्या माणसाचे उपकार कसे फिटणार? मी लिहितेय ते वाचलं तर त्यांना काय वाटेल – म्हणूनही इतके दिवस लिहिलं नाही.

भागू म्हणजे भाग्यश्री. गावाबाहेर माळाला लागून मेंढपाळांची वस्ती आहे, तिथली. तिच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. मीही तात्याच म्हणायचे. आम्ही दोघी आठवीपासून एका बाकावर. पुढे तालुक्याच्या कॉलेजला दोघी एकाच एस.टी.नं जायचो. ती पहाटे मेंढरांच्या वाड्यातलं काम उरकून यायची, केसांना लोकरीचा वास असायचा, आणि त्यावरून कुणा पोरीनं नाक मुरडलं की भागू मुद्दाम तिच्याच शेजारी जाऊन बसायची. "घे वास. फुकट हाय," म्हणायची.

तिचा कान – हे नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे – तिचा कान फार तयार होता. सर वर्गात इंग्रजी उतारे मोठ्यानं वाचायचे आणि नंतर प्रश्न विचारायचे. मी एकेक शब्द पकडायला धडपडायचे. भागू खिडकीबाहेर बघत बसायची आणि सगळं सांगायची. सर एकदा म्हणाले, "हिला ऐकायला शिकवावं लागणार नाही. हिनं आपल्याला शिकवावं." मी टाळ्या वाजवल्या. पण एक आज कबूल करते. मला ते आवडलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी सरांनी आम्हा काही मुलींना त्या परीक्षेबद्दल सांगितलं. परीक्षेत कानावर यंत्र असतं, बोलणारे गोरे असतात, गडबडीत बोलतात. त्याची सवय करा म्हणाले. एक युक्ती त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली, ती मी अजून मुलांना सांगते. बोलणारा आधी म्हणतो, मंगळवारी येतो. मग म्हणतो, नाही नाही, बुधवारी. तुम्ही मंगळवार लिहून मोकळे व्हाल तर फसाल. माणूस स्वतःचं बोलणं दुरुस्त करतो, तिथपर्यंत कान उघडा ठेवायचा.

सरावाची रेकॉर्डिंगं सरांनी माझ्या मोबाइलवर घालून दिली. भागूच्या घरी एकच साधा फोन होता आणि तो तात्यांच्या कमरेला, मेंढरांमागे फिरत. माझ्या घरी गिरणी. म्हणून आम्ही गावातल्या अभ्यासिकेत बसायचो. ग्रामपंचायतीची जुनी खोली, भिंतीला लागून बाकं, आणि दारावर 'शांतता राखा'. पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करणारी पोरं तिथं मान खाली घालून बसलेली असत. खुर्ची सरकली तरी सगळे वर बघत. तिथं मोबाइल मोठ्यानं कसा लावणार? मग एकच इअरफोन, दोघींत. मी डावीकडे बसायचे, ती उजवीकडे. डावं बोंड माझ्या कानात, उजवं तिच्या. असं काही ठरवलं नव्हतं. बसायच्या सवयीनं ठरलं.

सुरुवातीला दोघींनाही काही कळेना. एक बाई कुठल्याशा संस्थेत फोन करून खोली भाड्यानं मागायची, माणूस तिला पत्ता सांगायचा, आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघायचो. भागू कुजबुजायची, "ह्या बाईला रोज नवी खोली कावून लागती गं? भांडकुदळ असंल." मला हसू आवरायचं नाही आणि भरतीवाली पोरं खाकरायची. ते दिवस चांगले होते. खरंच चांगले होते.

मग हळूहळू मला कळू लागलं. बाईचा पत्ता, फोनचा आकडा, वाचनालय नकाशात कुठं आहे ते. भागूला नाही. ती डोळे मिटायची, बोंडावर बोट दाबून धरायची, ओठ हलवायची – आणि उत्तरं चुकायची. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. मी म्हणायचे, "येईल गं." ती म्हणायची, "लई लांबून बोलल्यावानी बोलतात मेले." मी तिला धीर द्यायचे. आणि तुम्हाला खरं सांगू? पहिल्यांदाच मी तिच्या पुढं होते. धीर देण्यात एक गोडी असते. ज्यानं दिलाय त्याला ती ठाऊक असते.

एके दिवशी भागू आली नाही. वस्तीवर मेंढरांची लोकर कातरायची होती. त्या दिवशी घरातलं कुणी कुठं जात नाही. मी एकटीच अभ्यासिकेत बसले. दोन्ही बोंडं कानात घातली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक – डावं काढलं.

उजव्या बोंडात आवाज होता. बंद नव्हतं ते, म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नसावं. पण शब्दांना कडा नव्हत्या. विहिरीच्या तळाशी दोन माणसं बोलतायत आणि आपण काठावर उभे, असं. कोण बोलतंय ते कळत होतं, काय बोलतंय ते कळत नव्हतं. मी तार हलवून बघितली. खटखट झाली आणि पुन्हा तेच. मग आठवलं – तार एकदा गिरणीच्या दारात अडकून ओढली गेली होती. मी झटकून, गुंडाळून ठेवली होती. वाजत होती म्हणजे ठीक होती.

आपल्या मराठी गाण्याला असलं बोंड चाललंही असतं. शब्द आधीच तोंडपाठ असतात. पण परक्या माणसाची परकी भाषा? आणि भागूनं जन्मात दुसरा इअरफोन कानात घातला नव्हता. तो कसा वाजायला हवा, हे तिला कोण सांगणार होतं?

मीच. दुसरं कोण होतं?

त्या दिवशी घरी जाताना मला बरंच वाटत होतं. उद्या भागूला सांगू, ती कपाळावर हात मारून घेईल, मला शिव्या घालेल, आम्ही हसू. असंच ठरवलं होतं मी. हे सांगते ते स्वतःला वाचवायला नाही. उलट – मला काय करायचं ते नेमकं माहीत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांनी आम्हाला बोलावलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशात स्थिरावला होता. त्यानं कळवलं होतं की कॉलेजातल्या एका मुलीच्या परीक्षेचा आणि पुढं तिकडच्या शिक्षणाचा भार तो उचलेल. एकीचा. सर महिनाअखेरीस चाचणी घेणार होते. ते सगळ्या मुलींशी बोलत होते, पण बघत होते आमच्या दोघींकडे. सगळ्यांनाच ठाऊक होतं की ही किंवा ती.

एस.टी.त भागू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तू गेलीस तर मला तिकडून काय आणशील?" मी म्हणाले, "तूच जाशील." आणि तारेचं काही बोलले नाही. उद्या, असं मनात म्हटलं. उद्या म्हणजे काय असतं, तुम्हालाही ठाऊक असेल. मंगळवार म्हणून ठेवलेलं मी बुधवारी दुरुस्त केलं नाही. गुरुवारीही नाही.

आणि इथवर मी नुसती गप्प होते. गप्प राहणं हे खोटं बोलणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घालत होते. मग भागू एकदा बाकावर बसता बसता म्हणाली, "अर्चे, आज बाजू बदलू. तुझ्या अंगाला बसून बघते. माझ्या अंगाला वास्तुदोष असंल."

ती हसत होती. डाव्या बोंडाकडे तिचा हात आलासुद्धा.

मी म्हणाले, "नको गं. माझा कान फुटलाय. पू येतोय. तुलाही होईल."

किती पटकन आलं ते तोंडात! आधी कधी विचार केला नव्हता, तरी तयार होतं. भागूचा हात मागं गेला. "माय, आणि तू सांगत बी न्हाईस!" म्हणाली. मग तिनं उजवं बोंड उचललं, कानात घातलं आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी ती एक छोटी बाटली घेऊन आली. तिच्या आईनं लसणाच्या पाकळ्या घालून तेल कढवलं होतं. वस्तीवर कुणाचा कान दुखला की तेच घालतात. मी नको नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. अभ्यासिकेच्या मागं लिंबाखाली मला बसवलं, माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, बाटली तळहातात चोळून कोमट केली आणि माझ्या कानात थेंब सोडले. "हलू नकोस. मेंढरू बी एवढं हलत न्हाई," म्हणाली. तिच्या परकराला लोकरीचा वास होता. वरच्या कानात तेल भरलं, खालचा तिच्या मांडीत दबलेला, आणि बाहेरचं सगळं बदललं. भागू काहीतरी बोलत होती. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. विहिरीच्या तळातून यावा तसा. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे उघडे ठेवून, ते ऐकत होते. आता तिला रोज जे ऐकू येतं ते मला ऐकू येतंय – हे मला तेव्हाच कळलं, नंतर नाही. तेव्हाच.

तरीही मी उठले, मान तिरकी करून तेल पुसलं, आणि म्हणाले, "बरं वाटतंय."

पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. चाचणी जवळ आली. भागूनं दोन-तीनदा पूर्ण सराव परीक्षा दिली, त्याच बोंडावर. मग एक दिवस ती बाकावर बसलीच नाही. दारातच उभी राहिली. मी बाहेर गेले.

"मी न्हाई देत चाचणी," म्हणाली.

"का गं? असं काय करतेस?"

"मी लई इचार केला. तार एकच हाय. त्यातून येणारा आवाज एकच हाय. तुला तर फुटक्या कानानं ऐकू येतंय, आन् मला चांगल्यानं न्हाई. मग खोट कुठंय? माझ्यातच हाय की. माझ्या कानातच काय तर असंल, न्हाई तर डोस्क्यात."

ती भांडत नव्हती. गणित मांडावं तसं तिनं ते मांडलं होतं, आणि त्यात एकच पायरी चुकली होती. मला ती ठाऊक होती. इअरफोन माझ्या हातात होता. मी तो मुठीत धरला होता, मूठ घट्ट होती.

मी म्हणाले, "कान एकदा दाखवून घे."

नुसतं एवढं. काळजीनं म्हणतात तसं.

चाचणीच्या दिवशी सरांनी संगणकाच्या खोलीतले चांगले हेडफोन आणले होते. सरांनी विचारलं, "भाग्यश्री का आली नाही?" मुलींसमोर नाही, बाजूला घेऊन विचारलं. मला म्हणता आलं असतं की माहीत नाही. मी म्हणाले, "सर, तिला कमी ऐकू येतं. लाजते ती, म्हणून सांगत नाही कुणाला."

सर भला माणूस. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "अरेरे. आणि मला वाटायचं हिचा कान किती तयार आहे. अंदाजानं उत्तरं देत असणार बिचारी." आणि भला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. कुणाबरोबर तरी तात्यांना निरोप धाडला – मुलीच्या कानावर वेळीच उपचार करा, खर्चाचं आपण बघू.

वस्तीवर निरोप पोचला म्हणजे एकट्या तात्यांना पोचला असं होत नाही. पाण्यावर, चावडीवर, पाव्हण्या-रावळ्यांत पोचला. लग्नाच्या पोरीच्या कानात खोट आहे आणि घरच्यांनी लपवलीय – लोकांना याहून काय हवं?

तात्या गिरणीत आले. बाजरीचं गठुडं खाली ठेवलं, बाबांना रामराम केला, आणि माझ्यापाशी आले. उंच माणूस, डोक्याला लाल पटका. गिरणी चालू होती, म्हणून वाकून माझ्या कानाशी बोलले.

"पोरी, तू तिच्या संगं बसतीस. तू खोटं सांगायची न्हाईस. भागीच्या कानाला काय झालं? आगं, ही एवढी होती तवा टेकाडामागून नुसती घंटी वाजली तर सांगायची, तात्या, आपली पांढरी मागं ऱ्हायली. मला समजंना, मला ऐकू यायचं न्हाई, हिला यायचं. असा कान कसा जाईल?"

त्यांच्या डोळ्यांत मी बघितलं नाही. गिरणीच्या फिरत्या पट्ट्याकडे मी बघत होते. ते माझ्या एका शब्दासाठी आले होते. मी तेव्हा बोलले असते तर – चाचणी होऊन गेली होती, निकाल लागायचा होता, सरांनी ती दुसऱ्यांदा घेतली असती, खात्रीनं घेतली असती. भागूवर बसलेला शिक्का त्याच दिवशी पुसला गेला असता. मला फार तर लाज सोसावी लागली असती.

"तात्या," मी म्हणाले, "जातो कधी कधी. दाखवून घ्या."

त्यांनी मान हलवली. बाजरी दळून होईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. मग गठुडं डोक्यावर घेऊन गेले.

दवाखान्यात ते तिला घेऊन गेलेच नाहीत. का, ते मला नंतर कळलं. दवाखान्यात गेलं म्हणजे लोकांचं बोलणं खरं ठरलं, असं वस्तीवरच्या जाणत्यांनी ठरवलं. त्यापेक्षा बोभाटा वाढायच्या आत पोरगी उजवून टाका. मांजरसुंब्याचं एक स्थळ होतं. हायवेला धाबा, पहिली बायको वारलेली, वयानं बरंच मोठं. मुलीच्या कानाबद्दल त्यांना सांगून टाकलं होतं आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं. उपकार केल्यासारखे ते हो म्हणाले.

मी निवडले गेले. गावात एस.टी. स्टँडवर माझा फ्लेक्स लागला, पुढाऱ्यांच्या फोटोंच्या खाली माझा फोटो. शाळेत सत्कार झाला. हार, शाल, नारळ. बाबा रडले. आणि सगळ्यात शेवटी तात्या उठले. हातात काळी घोंगडी होती, त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची – लोकर कातरायच्या त्या दिवसाची असेल का? मी कधी विचारलं नाही. त्यांनी ती माझ्या खांद्यावर टाकली. माइक कुणी पुढं केला तर त्यांनी हातानं बाजूला सारला. माझ्यापुरतंच म्हणाले, "माझ्या पोरीची काळजी तूच केलीस. घरच्यांच्या आधी तुझ्या ध्यानात आलं."

लोक टाळ्या वाजवत होते. मी वाकून त्यांच्या पाया पडले.

एक गोष्ट राहिली. भागू यायची बंद झाली त्याच आठवड्यात मी बाजारात जाऊन नवा इअरफोन घेतला. स्टँडसमोरच्या टपरीवर झुपक्यानं लटकत असायचे. चहा-भज्यांच्या पैशात आला. म्हणजे गरिबीनं हे करवलं असं मी म्हणू शकत नाही.

मी तिकडं गेले, शिकले, परत आले. बीडला लागले, लग्न झालं. बीडहून माहेरी जाताना मांजरसुंबा लागतंच. बस वळते तिथं धाब्यांची रांग आहे. मी दर वेळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचे. मग गेल्या वर्षी एकदा ठरवून उतरले. सांगायला. पूर्ण सांगायला. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

धाबा शोधावा लागला नाही. ट्रक उभे होते, हॉर्न वाजत होते. मागं चुलीपाशी भागू भाकरी थापत होती. मला बघून उठली, पिठाचे हात तसेच, आणि हसली. "आगं माय! इंग्रजीण आली!" तेवढ्यात तिची सासू पुढून ओरडली, "ए भैरे! कोण आलंय? चहा टाक!" मग मला म्हणाली, "जरा वरडून बोला बाई. सुनेला ऐकू येत न्हाई आमच्या."

भागूनं चहा टाकला. आम्ही चुलीपाशी बसलो. मी तोंड उघडणार, तर तिनं एकदम मान वळवली. "शेळी सुटली," म्हणाली आणि उठून मागं गेली. मला काही ऐकू आलं नव्हतं. सासूला नाही, भट्टीपाशी उभ्या नवऱ्याला नाही. शेळी खरोखरच सुटली होती.

परत आली तेव्हा मी विचारलं, "भागू, तुला तर..."

"हां, येतंय की." पदराला हात पुसत म्हणाली. "आधी आधी सांगायची सगळ्यांना, मला येतंय, येतंय. कुणी ध्यानात घेईना. मग सोडून दिलं. ते वरडतात, मी मान हलवती. एक बरं हाय बघ, सासू हळू आवाजात माझ्याबद्दल काय बोलती ते सगळं कळतं मला." ती हसली. मग चुलीत काटकी सारत म्हणाली, "तवा त्या इंग्रजीला काय झालतं कुणास ठाऊक. नशीबच."

हीच वेळ होती. याहून सरळ वाट कुणाला मिळते? तिनं स्वतःच दार उघडून दिलं होतं. माझी जुळवलेली वाक्यं जिभेवर होती. चहा निवत होता. रस्त्यावर बस हॉर्न देत होती, कंडक्टर हाका मारत होता.

मी उठले. तीही उठली. मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बसच्या पायरीवर मी पाय ठेवला तेव्हा तिनं माझ्या डाव्या कानामागं हळूच बोट लावलं, मेंढराचा कान बघतात तसा वाकवून बघितला.

"तुझा कान बरा झाला का गं? लई फुटलाता तवा."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथं विचारण्याखेरीज दुसरं काही नव्हतं.

"झाला," मी म्हणाले. "तुझ्या तेलानंच झाला."